कुंदा, तुझ्यावरचा दुसरा लेख

कुंदा,

काल संध्याकाळी आपल्या इमारतीच्या गच्चीवर तुझी शोकसभा झाली. तुला जाऊन नऊ दिवस झाले. फोटो ठेवला होता तो कुणाच्या तरी लग्नातला. त्यात तू नथ घालून इतकी गंभीर बसली आहेस की मला क्षणभर ओळखू येईना. शरदराव पुढच्या सतरंजीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला ‘या, बसा’ म्हणत होते. बायको गेलेल्या माणसाने असं यजमानासारखं वागू नये, असं मला वाटत होतं, पण त्यांना दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

जोशीकाकू म्हणाल्या, ‘कुंदा म्हणजे सोनं. इतकी वर्षं एका जिन्यात काढली, पण पाण्यावरून कधी शब्दाला शब्द नाही.’ तळमजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, ‘दवाखान्यात नोकरीला होत्या, रक्त-लघवी तपासायच्या, पण घरी आल्यावर कपाळावर कधी आठी नाही.’ मग कुणी तुझ्या लिंबाच्या लोणच्याबद्दल बोललं, कुणी तू मुलांना गणित कसं शिकवायचीस त्याबद्दल. सगळं खरंच होतं. पण तू आयुष्यभर काय काम केलंस, हे त्या गच्चीवर शरदराव आणि मी सोडले तर एकालाही धड ठाऊक नव्हतं. शरदराव बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. म्हणून मी उठले. ‘कुंदा विषाणूंचा...’ एवढं म्हणाले आणि पुढे शब्द फुटेना. जोशीकाकूंनी मला धरून खाली बसवलं. सगळ्यांना वाटलं, जिवलग मैत्रीण गेली म्हणून गळा दाटला. तेही होतंच गं. पण तो शब्द या लोकांसमोर पुन्हा उच्चारायची मला भीती वाटली, हे जास्त खरं आहे.

सभा संपल्यावर आपल्या गावच्या साप्ताहिकाचे संपादक जिन्यात भेटले. म्हणाले, ‘बाई, श्रद्धांजलीचा लेख तुम्हीच द्या. मागेही तुम्हीच लिहिला होतात त्यांच्यावर. काय गाजला होता!’

गाजला होता खराच. त्या लेखाबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही. वेळ नव्हता असं नाही, एका जिन्यात राहत होतो. तेव्हा आता हा दुसरा लेख लिहायला बसले आहे, आणि तो तुलाच उद्देशून लिहिते आहे. चारचौघांसाठी लिहायला बसले की माझी लेखणी कशी उधळते, ते तू एकदा पाहिलं आहेस.

आठवतं, आपण दोघी अंबरनाथ पश्चिमेला राहायला आलो तेव्हा इमारतीला रंगही लागला नव्हता. शरदराव कारखान्यात अधिकारी, माझे हे रेल्वेत, मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या मराठी शाळेत शिक्षिका. तू मुंबईला नोकरीला जातेस एवढंच कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी आगाऊपणे विचारलं, ‘बँकेत का हो तुम्ही?’ तू म्हणालीस, ‘नाही, मी लहान मुलांची शी तपासते.’ माझा चेहरा पाहून तू जी हसलीस, त्या हसण्यात आपलं ‘अहो’चं ‘अगं’ झालं.

पुढे एका रविवारी गॅलरीत मटार सोलताना तू मला नीट समजावून सांगितलंस. कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने रेघा ओढून.

‘हे बघ मंगल, पोलिओचा विषाणू एका पोराच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जातो ना, तेव्हा तो थोडासा बदलतो. अगदी थोडा. तो बदल ओळखता आला की कुठला कुठून आला ते कळतं.’

‘म्हणजे तू विषाणूंच्या पत्रिका जुळवतेस.’

‘पत्रिका नाही गं बाई, वंशावळ मांडते.’

‘पण हे सगळं करून ते पोर चालायला लागतं का?’

तू सोलायची थांबलीस. ‘नाही. त्या पोराला काहीच उपयोग नाही. पुढच्याला होतो. इथलाच जुना फिरतोय की बाहेरून नवा आलाय, कुठल्या वस्तीतून कुठे निघालाय, हे कळलं तर डोस आधी कुठे पाजायचे ते ठरवता येतं.’ मग पुन्हा सोलायला लागलीस आणि म्हणालीस, ‘पुढचं पोर कुठलं ते आपल्याला कधीच कळत नाही. ते आजारीच पडत नाही ना.’

हे वाक्य मला तेव्हा नुसतं छान वाटलं. मी ते वहीत उतरवून ठेवलं. मास्तरीणच मी, छान वाक्य दिसलं की उतरवून ठेवायची खोड. त्यातला अर्थ कळायला पुष्कळ वर्षं गेली. जे पोर आजारी पडलं नाही, त्याची आई तुझे आभार मानायला कुठून येणार होती?

उल्हासनगरच्या आणि बदलापूरच्या दवाखान्यांतून असं लुळं पडलेलं मूल आलं की तुला निरोप यायचा. मग तू स्वतः जायचीस, कारण पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. तुझी ती वेगळी पिशवी, त्यात झाकणाचा डबा, डब्यात बाटली, भोवती बर्फ. बाटलीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर पेन्सिलीने नाव, वय, वस्ती. मी एकदा माझं शाईचं पेन पुढे केलं तर माझ्यावर खेकसलीस. ‘शाई नको. बर्फ वितळला की शाई पसरते आणि पोर निनावी होतं.’ इतक्या वर्षांत एकही नमुना निनावी होऊ दिला नाहीस तू.

कॅम्प दोनमध्ये माझ्या शाळेजवळ फालुदावाला लछमन होता, त्याच्याकडून तू बर्फ घ्यायचीस. पहिल्यांदा त्याने विचारलं, ‘अदी, इतनी बरफ किस वास्ते?’ अदी म्हणजे सिंधीत ताई. मी घाईघाईने काहीतरी दडपून सांगणार होते. तू सरळ म्हणालीस, ‘बच्चे की टट्टी है, जाँच के लिए ले जा रही हूँ. पोलियो है क्या देखना है.’ मला वाटलं, झालं, आता हा आपल्याला हाकलतोय. लछमनने कपाळावर हात मारला, हसला आणि पोत्याखालचा मोठा तुकडा फोडून दिला. ‘ले जाओ अदी. बस, दुकान के सामने खोलना मत.’ त्यानंतर तू दिसलीस की तो न सांगता बर्फ फोडायला घ्यायचा. कधी ‘कल वाले बच्चे का क्या निकला?’ म्हणून विचारायचाही. कुंदा, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. साधं सांगितलं की माणसाला कळतं, हे मी रस्त्यावर उभी राहून बघत होते आणि तरी शिकले नाही.

तुझ्याकडे एक मोठा कागद होता. त्यावर तू हाताने आपली ही तिन्ही गावं काढली होतीस: वर उल्हासनगरचे कॅम्प, मध्ये अंबरनाथ, खाली बदलापूर, आणि मधली खेडी. प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका, विषाणूच्या प्रत्येक घराण्याला वेगळा रंग. एकदा तू चप्पलसुद्धा न काढता माझ्या स्वयंपाकघरात शिरलीस. ‘मंगल, कॅम्प दोनचा आणि बदलापूर गावातला सख्खे भाऊ निघाले!’ तुझा चेहरा असा फुलला होता की मी आधी ‘अभिनंदन’ म्हणाले आणि मग लक्षात आलं, दोन पोरं लुळी पडली आहेत. तुझ्याही लक्षात आलं. तू स्टुलावर बसलीस आणि पाणी मागितलंस. त्या कामात आनंद व्हायचा आणि आनंद झाल्याची लाजही वाटायची, हे तू कुणापाशी बोलायचीस? माझ्यापाशीच. म्हणून तर माझा गुन्हा मोठा आहे.

त्या वर्षी आपल्या नागरिक मंडळाने एका नटाचा सत्कार केला. दोन नाटकांत हवालदार झालेला माणूस. दोन्ही नाटकांत मिळून त्याला सहा वाक्यं असतील. शाल, श्रीफळ, बँड, सगळं साग्रसंगीत. मी भडकले. घरी आल्याबरोबर तुला म्हणाले, ‘याला शाल आणि तुला काय? मी लिहिते तुझ्यावर.’

‘नको.’

‘का नको? लाजतेस काय नव्या नवरीसारखी!’

‘लाजत नाही. माझ्या कामाबद्दल मोजून लिहावं लागतं, मंगल. एक शब्द इकडे-तिकडे झाला की लोक घाबरतात. आणि तुला मोजून लिहिता येत नाही.’

मला राग आला. पंधरा वर्षं निबंध शिकवणाऱ्या बाईला हे ऐकवायचं? मी म्हणाले, ‘लिहूनच दाखवते.’ तू म्हणालीस, ‘बरं, मग छापायच्या आधी दाखव.’

दाखवला नाही. तुला छापलेलाच द्यावा, तू थक्क व्हावंस, अशी हौस होती मला. मथळा होता ‘विषाणूंशी खेळणारी आमची शेजारीण’. आणि त्यातलं ते वाक्य मला आजही पाठ आहे, कारण ते सुचल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन चहा करून घेतला होता. ‘दिवसभर जी पोलिओला पाळते, मांडीवर घेऊन जोजवते, खाऊपिऊ घालते, तीच माउली संध्याकाळी घरी येऊन त्याच हातांनी पोळ्या लाटते.’

तू तो लेख माझ्या दारात उभी राहून वाचलास. चिडली नाहीस. नुसतं विचारलंस, ‘“त्याच हातांनी” कशाला गं लिहिलंस?’ मी म्हणाले, ‘अगं, ती शैली असते.’ तू अंक घडी करून माझ्या हातात दिलास आणि वर गेलीस.

पहिले दोन दिवस कौतुक झालं. माझं. तिसऱ्या दिवशी जवळच्या पालेगावची शेवंताबाई, जी तुझ्याकडे आणि माझ्याकडे भांडी घासायची, तिने तुझं काम सोडलं. माझं धरून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, ‘माज्या पोरानी पेपर वाचून दावला. त्या बायच्या भांड्यांना मी हात लावाची नाय.’ मी तिला समजावलं? दोन वाक्यं बोलले असेन. मग माझ्या घरची भांडी ती घासत राहिली आणि मी घासू दिली. तुझ्याकडे गणिताला येणारी मुलं एकेक करून बंद झाली. कुणाची परीक्षा होती, कुणाचा घसा बसला होता. तू दिवसाला किती वेळा हात धुवायचीस, अंगावर कुठला कोट घालायचीस, तो कोट तिथेच कसा राहायचा, हे त्या लेखात कुठेच नव्हतं. तू मला सांगितलं होतंस सगळं. रुक्ष वाटलं म्हणून मी गाळलं.

आणि मग संक्रांत आली. तुझ्या हळदीकुंकवाला सगळ्या आल्या गं. आपल्याकडे कुणी उघड बहिष्कार घालत नाही, तेवढे आपण सुसंस्कृत. कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं, आणि तिळाची वडी रुमालात गुंडाळली. ‘उपास आहे, घरी नेऊन खाते.’ सोमवार नव्हता, चतुर्थी नव्हती. एकाच दिवशी इतक्या बायकांना उपास. तू प्रत्येकीला हसून ‘हो, हो, न्या ना’ म्हणत होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले तर जिन्याच्या वळणावर, विजेच्या मीटरच्या मागे वड्या ठेवलेल्या. मुंग्या लागल्या होत्या. तू साडेसातला निघायचीस, सव्वासात झाले होते. मी त्या सगळ्या पदरात गोळा केल्या आणि स्टेशनच्या वाटेवर गटारात टाकल्या. एवढंच असतं तर हा प्रसंग मी तुला कधीच सांगितला असता, माझा मोठेपणा म्हणून. सांगितला नाही, कारण त्यातली एक माझी होती.

आदल्या संध्याकाळी तुझ्याकडून उतरताना मला तिथे दोन-तीन वड्या दिसल्या. माझ्या हातात निखिलसाठी तू दिलेली वडी होती. निखिल तेव्हा चार वर्षांचा. मला सगळं माहीत होतं, कुंदा. त्या जिन्यात दुसऱ्या कुणाला नसेल इतकं मला माहीत होतं. तरी माझा हात पुढे झाला आणि मी ती तिथे ठेवली. का, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक माझ्याच वाक्यावर माझा विश्वास बसला होता.

तुला हे कळलं होतं का? मला कधीकधी वाटायचं, कळलं होतं. पुढच्या संक्रांतीला तू हळदीकुंकू केलंच नाहीस. म्हणालीस, ‘कामात आहे गं.’

पण याहून वाईट पुढे झालं. शेवंताबाईची नात चिमी, दीड वर्षाची, पावसाळ्याच्या शेवटी तापली आणि तिचा डावा पाय लुळा पडला. शेवंताबाईने मला भांडी घासता घासता सांगितलं, डोळे पुसत. मी तशीच धावत तुझ्याकडे आले. रविवार होता. आपण दोघी पालेगावला गेलो. बांधावरून जाताना तू सारखी दिवस मोजत होतीस, पाय लुळा पडून किती झाले, अजून किती दिवस नमुना मिळाला तर चालेल.

शेवंताबाई दारात उभी राहिली, उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तू साधेपणाने सांगायला लागलीस. तिने ऐकूनच घेतलं नाही.

‘तुमीच पालताव ना त्याला? माज्या नातीचा नेऊन आनखी वारवाल.’

‘शेवंताबाई, वाढवायला नाही हो नेत. बघायला नेते.’

‘पेपरान आयलाय. मांडीवर घेताव त्याला. त्याच हातांनी पोल्या लाटताव.’

तिला वाचता येत नव्हतं, पण माझं वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ होतं. मी तिथेच उभी होते. ‘ते मी लिहिलंय, आणि चुकीचं लिहिलंय’, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणाले. तिच्यासमोर माझी पत जाईल, असं वाटलं. आपण दोनदा परत गेलो, तू एकदा एकटीही जाऊन आलीस. मग दिवस उलटून गेले.

घरी आल्यावर तू तो मोठा कागद पसरलास आणि पालेगावच्या जागी पेन्सिलीने एक गोल काढलास. आत रंग भरला नाहीस. त्या हंगामात खाली बदलापूरला नवा रंग आला होता, आधी कधी न दिसलेला. तो पालेगावावरून तिकडे गेला की तिकडून इथे आला, की दोघांचा काहीच संबंध नाही, ते सांगायला मधला दुवा हवा होता. तू म्हणालीस, ‘इथे कुठला होता ते आता कळायचं नाही.’ मला बोल लावला नाहीस. लावला असतास तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तू कागद गुंडाळून कपाटावर ठेवलास आणि विचारलंस, ‘चहा घेतेस?’

त्या दिवसापासून मी ठरवलं, तुझ्याबद्दल तोंड उघडायचं नाही. तू सांगतेस तेच बरोबर, तुझं काम तुझ्यापाशी राहू दे. त्याला मी तुझ्या इच्छेचा मान असं नाव दिलं होतं. खरं तर मी घाबरले होते. आणि त्या घाबरण्यानेच मी तुझ्यावर दुसरा अन्याय केला.

रविवारी रविवारी बूथ लावून गावभर डोस पाजायला सुरुवात झाली, त्यानंतरची गोष्ट. मंडळाने ठरवलं, पोलिओच्या कामात हातभार लावणाऱ्यांचा सत्कार करायचा. मी समितीत होते. बालरोगतज्ज्ञांचं नाव आलं, बूथसाठी टेबलं देणाऱ्या मंडपवाल्याचं आलं, जीप देणाऱ्याचं आलं, फीत कापणाऱ्याचं तर आधीच होतं. अध्यक्षांनी विचारलं, ‘आणखी कुणी राहिलंय का? बाई, तुम्ही सांगा.’ सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, ‘नाही, सगळे आले.’

समारंभाला तू आलीस. तिसऱ्या रांगेत बसलीस, प्रत्येकाला टाळ्या वाजवल्यास. मंडपवाल्याला शाल घालताना ती त्याच्या डोक्यावरून घसरली तेव्हा मनापासून हसलीस. परत येताना पुलावर तू कठड्याला टेकून थोडी थांबलीस. तेव्हाच तुला दम लागायला लागला होता, पण आपण दोघींनी तो वयाचा समजला.

तू म्हणालीस, ‘या वेळी मी घेतलं असतं गं.’

मला आधी कळलंच नाही. ‘काय?’

‘ते. शाल वगैरे.’

‘अगं, पण तूच नको म्हणायचीस!’

‘तेव्हा म्हणत होते. विषाणू बदलतात ते मोजण्यात जन्म गेला माझा, मग मी बदलू नये?’ आणि हसत हसत म्हणालीस, ‘तू विचारायचंस तरी.’

बस, एवढंच. पुढे तू भाजीच्या भावावर आलीस. मी रात्रभर तळमळले वगैरे लिहिणार नाही. झोपले. पण दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना माझा हात थांबला आणि पोरं विचारायला लागली, ‘बाई, काय झालं?’ विचारायचंस तरी. एकदा विचारलं, तू नाही म्हणालीस आणि मी लिहिलं. दुसऱ्यांदा विचारलंच नाही आणि गप्प बसले. दोन्ही वेळा मी माझंच ऐकलं.

आजारपणात मी रोज येत होते. रोज ठरवून यायचे, आज बोलायचं. वडीचं, लेखाचं, समितीचं. तू पडल्या पडल्या शाळेतल्या गमती विचारायचीस आणि मी सांगत बसायचे. शेवटच्या बुधवारी तू एकदम विचारलंस, ‘चिमी शाळेत जाते का गं?’ मी म्हणाले, ‘जाते. पाय ओढत जाते, पण जाते.’ तू डोळे मिटलेस. मी म्हणाले, ‘कुंदा, मला तुला काही सांगायचंय.’ तू डोळे न उघडता माझा हात दाबलास. त्याचा अर्थ ‘नको सांगू, ठाऊक आहे’ असा घ्यावा, की ‘थकले आहे, उद्या सांग’ असा, ते मला कळलं नाही. शरदराव औषध घेऊन आले आणि मी उठले.

तू मला मैत्रीण म्हणून ठेवून घेतलंस, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. रागावून दार बंद करायला तुझ्याकडे कारण होतं. तरी निखिलची दहावीची गणितं तूच घेतलीस, माझ्या ह्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तूच बसून राहिलीस. मी लेखातून तुझ्या कामाला वाहिलेल्या त्या शब्दफुलांपेक्षा तुझं ते बाकावर बसणं किती मोलाचं होतं, हे मला आता, पन्नाशी उलटल्यावर कळतं आहे. उशीर झाला, कुंदा. मला तुझी फार आठवण येते.

तर संपादकांना हो म्हणाले. काल रात्रीच बसून एक परिच्छेद लिहिला. तू म्हणायचीस तसा, मोजून. ‘कुंदा मुंबईतल्या प्रयोगशाळेत काम करायची. ज्या मुलांचे हातपाय अचानक लुळे पडत, त्यांच्या विष्ठेत पोलिओचा विषाणू आहे का, असला तर कुठल्या प्रकारचा, आणि तो कुठून कुठे चालला आहे, हे ती शोधायची. त्यावरून पुढच्या मुलांना कुठे आधी डोस द्यायचा ते ठरवायला मदत होई. काम झाल्यावर ती हात स्वच्छ धुवायची. त्या कामाने कुणाला कधी आजार झाला नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नमुन्यांच्या बाटल्या तिने स्वतः वाहून नेल्या.’ बाकीचं सगळं मागाहून लिहिलं, आज, परत आल्यावर.

छापायच्या आधी दाखव, म्हणाली होतीस. आता कुणाला दाखवणार? खूप विचार केला आणि आज सकाळी कागद घेऊन पालेगावला गेले. तिथे आता बांध राहिला नाही, इमारतींचे पाये खणले आहेत, रस्ता विचारत जावं लागलं. शेवंताबाई थकली आहे. तिने मला उंबऱ्याच्या आत घेतलं, खाली गोधडी टाकली. मी म्हणाले, ‘कुंदाताई गेल्या.’ ती म्हणाली, ‘समजला मना.’ मग मी तो परिच्छेद तिला वाचून दाखवला, हळूहळू. पहिला लेख मीच लिहिला होता, आणि तो चुकीचा होता, हेही सांगितलं. अंगणात चिमी दोरीवरचे कपडे काढत होती, एका पायावर भार देऊन.

शेवंताबाईने विचारलं,

‘यवरंच करायची ती?’

‘एवढंच.’

‘दुसऱ्यांच्या पोरांना व्हवू नये म्हनून न्यायची?’

‘हो.’

तिने अंगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘मंग तवाच असा का नाय लिवला, बाय? असा लिवला असता त मी दिला असता.’